टॉर्च रिपोर्ट, टोक्सो आणि विनाकारण घराबाहेर गेलेली मनी

दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेनऊला मामेबहिणीचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, माझं टॉर्च पॉझिटिव्ह आलंय गं." दहावा आठवडा चालू होता तिला. लॅबनं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवलेली, त्यात दोन आकडे ठळक केलेले, डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवाची, आणि मधल्या वेळात घरातल्या सगळ्यांनी मोबाईलवर वाचून ठरवून टाकलं की हे मांजरामुळंच झालं. मी तिला म्हणलं उद्या सकाळी निवांत बोलू, घाबरू नको. सकाळी फोन करते तोवर तिच्या दिरानं मनीला पोत्यात घालून गाडीवरून मार्केट यार्डच्या पलीकडं सोडूनपण दिलं होतं. चार वर्षं त्या घरात वाढलेलं मांजर, उंदीरसुद्धा कधी पकडला नाही तिनं, दूधभात आणि कॅट फूडवर वाढलेली.

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमधे काम केलंय आणि असले रिपोर्ट हातात धरून रडणाऱ्या कितीतरी बायका पाहिल्यात. त्यातल्या बहुतेकींना खरंतर काहीही झालेलं नव्हतं. म्हणून म्हणलं हा विषय एकदा नीट, पहिल्यापासून लिहून काढावा.

टोक्सो म्हणजे नक्की काय

टॉर्च हे नाव कुठल्या आजाराचं नाही, गरोदरपणात बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या काही इन्फेक्शनच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून ते बनवलंय. त्यातला पहिला 'टी' म्हणजे टोक्सोप्लाझ्मा. आपण त्याला टोक्सोच म्हणू.

टोक्सो हा बॅक्टेरिया नाही आणि व्हायरसपण नाही. तो एका पेशीचा परजीवी आहे, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात शिरून तिथंच जगणारा जीव. मलेरियाचा जंतू त्याचा लांबचा भाऊबंद. १९०८ मधे ट्युनिसला शार्ल निकोल आणि लुई मांसो या दोघांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला आणि त्याच वर्षी ब्राझीलमधे सशातही सापडला. आकार धनुष्यासारखा वाकडा, म्हणून ग्रीक भाषेतल्या धनुष्याच्या शब्दावरून त्याला नाव मिळालं.

त्याची गंमत अशी की तो जवळपास कुठल्याही गरम रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, उंदीर, माणूस, कुणीही चालतं. पण त्याचं लग्न लागायचं कार्यालय एकच, मांजराच्या जातीच्या प्राण्याचं आतडं. तिथंच त्याची अंडी तयार होतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ही गोष्ट जगाला १९७० च्या आसपास कळली आणि ती शोधणाऱ्यांमधे आपल्या भारतात जन्मलेले पशुवैद्यक जितेंद्र प्रकाश दुबे हेही होते.

ही अंडी मातीत पडतात, ओल असेल तर वर्षभरसुद्धा टिकतात. त्या मातीतलं गवत शेळी खाते, दाणे कोंबडी टिपते, मग त्या प्राण्याच्या मांसात टोक्सो बारीक बारीक गाठोडी बांधून झोपून राहतो. माणसाच्या पोटात जायच्या त्याच्या मुख्य वाटा म्हणून दोनच, एक तर मातीतली अंडी तोंडात गेली, नाहीतर कच्चट मांसातली ती गाठोडी. तिसरी वाट आईकडून पोटातल्या बाळाकडं जाणारी, आणि सगळी काळजी त्या तिसऱ्या वाटेचीच आहे.

झाल्यावर कळतं का?

बहुतेकांना नाही कळत. थोडा ताप, अंग मोडून येणं, मानेत गाठी येणं, एवढंच झालं तर झालं. आपण म्हणतो व्हायरल असेल, क्रोसिन घेतो आणि विसरून जातो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला आवरते आणि तो स्नायूत, मेंदूत कुठंतरी गाठोडं बांधून आयुष्यभर गप पडून राहतो. तब्येत चांगली असलेल्या माणसाला त्यानं सहसा काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि हा एवढा एक कळला तरी निम्मी भीती जाईल. बाळाला धोका असतो तो बाईला टोक्सो आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही गरोदरपणातच झाला तर. लहानपणी अंगणात खेळताना किंवा लग्नाच्या आधी कधीतरी होऊन गेला असेल तर तिच्या शरीरात राखणदार आधीच तयार असतात आणि बाळापर्यंत तो पोचत नाही. अपवाद म्हणजे प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या बायका, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेल्या किंवा अवयव बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या, त्यांच्यात झोपलेला टोक्सो परत उठू शकतो. त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगायला हवं.

पहिल्यांदाच झाला तर बाळाचं काय होतं

इथं एक उलटसुलट हिशोब आहे. पहिल्या तीन महिन्यांत वार, म्हणजे आईकडून बाळाला रक्तातून पोषण पोचवणारा प्लासेंटा, लहान असते, तिच्यातून टोक्सो पलीकडं जायची शक्यता कमी, साधारण १० ते १५ टक्के. शेवटच्या महिन्यांत वार मोठी, रक्तपुरवठा भरपूर, तेव्हा ही शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. पण नुकसानीचं बरोबर उलट. घराचा पाया भरताना पाणी शिरलं तर अख्खं घर हलतं आणि रंग लावून झाल्यावर शिरलं तर एखादी भिंत ओली होते, तसंच. सुरुवातीला झालेलं इन्फेक्शन क्वचित पोचतं पण पोचलं तर गर्भपात, डोक्यात पाणी होणं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला इजा असे गंभीर परिणाम होऊ शकतात. शेवटी झालेलं जास्त वेळा पोचतं पण बाळ जन्मताना बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं, त्रास झालाच तर पुढं काही वर्षांनी डोळ्यात दिसतो.

रिपोर्टमधल्या त्या दोन ओळी

रिपोर्टवर दोन शब्द असतात, आयजीएम आणि आयजीजी. दोन्ही अँटीबॉडी, म्हणजे शरीरानं टोक्सोविरुद्ध उभी केलेली माणसं.

गल्लीत चोरी झाली की आरडाओरडा ऐकून शेजारीपाजारी काठ्या घेऊन पळत येतात ना, ते आयजीएम. नंतर सोसायटी मीटिंग घेते आणि कायमचा वॉचमन ठेवते, तो आयजीजी. वॉचमन एकदा आला की आयुष्यभर राहतो. आता कुणालाही वाटेल की शेजारी अजून जमलेले दिसतायत म्हणजे चोरी आत्ताच झाली असणार. घोळ होतो तो इथंच. शेजारी चोरीनंतर कितीतरी दिवस ओट्यावर बसून तीच चर्चा करत असतात! टोक्सोचं आयजीएमपण कित्येकींच्या रक्तात काही महिने, काहींच्यात तर वर्षापेक्षा जास्त सापडतं. शिवाय कधीकधी टेस्ट चुकून पॉझिटिव्ह दाखवते ते वेगळंच.

म्हणून रिपोर्ट असा वाचायचा. दोन्ही निगेटिव्ह असेल तर टोक्सो कधी झालेलाच नाही, घाबरायचं काही नाही पण वॉचमनपण नाही, तेव्हा नऊ महिने खाण्यापिण्याची काळजी घ्यायची. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, विशेषतः गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत, तर जुनं इन्फेक्शन, वॉचमन हजर, ही खरंतर निश्चिंत करणारी बातमी आहे, आणि नेमका हाच रिपोर्ट बघून लोक सगळ्यात जास्त रडताना मी पाहिलेत कारण पॉझिटिव्ह हा शब्दच तसा वाटतो. नुसतं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमधे परत टेस्ट करायची, आयजीजी आलं तर नवीन इन्फेक्शन, नाहीच आलं तर बहुतेक ती टेस्टचीच चूक.

आणि दोन्ही पॉझिटिव्ह आले तर? माझ्या बहिणीचे तसेच आलेले. तेव्हा अ‍ॅव्हिडिटी नावाची टेस्ट असते. अ‍ॅव्हिडिटी म्हणजे आयजीजीची पकड किती घट्ट आहे ते. कबड्डीत नवीन पोरगं रेडरचा पाय धरतं आणि तो झटक्यात सुटून जातो, पण वर्षभर सराव केलेल्यानं घोटा धरला की सुटत नाही. लॅबमधे युरियासारखं रसायन घालून अँटीबॉडीची पकड सुटते का ते बघतात. पकड घट्ट निघाली म्हणजे अँटीबॉडी मुरलेल्या आहेत, इन्फेक्शनला चार महिने तरी उलटून गेलेत. दहाव्या आठवड्यात घट्ट पकड आली याचा अर्थ दिवस जायच्या आधीच ते होऊन गेलं होतं. म्हणून ही टेस्ट पहिल्या सोळा आठवड्यांत केली तर जास्त कामाची. पकड ढिली आली तर मात्र नवीनच आहे असं लगेच म्हणता येत नाही, काहींची पकड बरेच महिने ढिलीच राहते, मग डॉक्टर बाकीच्या गोष्टी बघून ठरवतात.

बहिणीची पकड घट्ट निघाली. तिला एक गोळीसुद्धा लागली नाही. डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावून सांगितलं, पण तोवर तीन रात्री ती झोपली नव्हती आणि मनी गेलेली होती.

पण मांजर तर मूळ आहे ना, मग घरात कशाला ठेवायचं?

अंडी मांजरातून येतात हे खरंच आहे. पण पुढचं कुणी वाचत नाही. मांजर ही अंडी साधारण आयुष्यात एकदाच टाकतं, त्याला स्वतःला पहिल्यांदा टोक्सो होतो तेव्हा, तेही एक ते तीन आठवडेच. बहुतेक वेळा हे होतं ते शिकार करायला लागलेल्या लहान पिल्लांमधे. शिजवलेलं अन्न आणि कोरडं कॅट फूड खाणाऱ्या, बाहेर न भटकणाऱ्या मांजराला टोक्सो व्हायचं कारणच फारसं नसतं. दुसरं, ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ केला तर तिथंच विषय संपतो. मांजराला कुरवाळलं, मांडीवर घेतलं, त्यानं ओरबाडलं, यातून टोक्सो होत नाही म्हणलं तरी चालेल.

२००० साली युरोपातल्या सहा शहरांमधल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के इन्फेक्शन कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसामुळं झाल्याचं निघालं, ६ ते १७ टक्के मातीतून, आणि मांजराच्या सहवासामुळं धोका वाढल्याचं दिसलंच नाही.

तेव्हा घरात मांजर असेल तर ट्रे दुसऱ्या कुणालातरी साफ करायला सांगा, रोज. कुणीच नसेल तर हातमोजे घालून करा आणि नंतर साबणानं हात धुवा. मांजराला कच्चं मटण, कोंबडीची आतडी घालू नका. नवीन पिल्लू या नऊ महिन्यांत आणू नका. एवढंच. पोतं नको.

आम्ही तर शाकाहारी आहोत, आम्हाला कसा होईल?

होऊ शकतो, माती आणि पाण्यातून. १९९५ मधे कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात टोक्सोची मोठी साथ आली आणि ती शहराच्या पिण्याच्या पाण्याशी जोडली गेली. आपल्याकडं कोईमतूरला २००४-०५ मधे डोळ्याच्या टोक्सोचे सुमारे अडीचशे पेशंट सापडले, तिथंही संशय पाण्यावरच होता. क्लोरीननं ही अंडी मरत नाहीत. उकळल्यावर मरतात. तेव्हा नळाचं पाणी असो नाहीतर टँकरचं किंवा विहिरीचं, गरोदर बाईला उकळून गार केलेलं द्या, किंवा चांगल्या फिल्टरचं.

आता भाजी. बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी एकदा पातेल्यातल्या पाण्यात सोडून पाच मिनिटांनी काढून बघा, तळाला बारीक काळी रेती बसलेली दिसेल. नळाखाली नुसती धरून झटकली तर ती रेती देठांच्या बेचक्यात तशीच राहते. म्हणून देठ मोकळे करायचे, भरपूर पाण्यात खळबळायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवीन पाणी, रेती यायची थांबेपर्यंत. कांद्याची पात, मुळा, गाजर, मेथीचा कच्चा घोळाणा, सगळ्याला हेच. मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट घातलं म्हणजे झालं असं समजू नका, ही अंडी त्याला दाद देत नाहीत, काम करतं ते भरपूर पाणी आणि तुमचे हात.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्याकडं डोहाळ्यात माती खायची इच्छा होणाऱ्या बायका आहेत, भिंतीचा पोपडा, खापर, भाजकी माती, आणि घरातले हसून म्हणतात खाऊ दे, डोहाळे आहेत. कृपा करून देऊ नका. अशी इच्छा बऱ्याचदा रक्तात लोह कमी असल्याची खूण असते, हिमोग्लोबिन तपासा. मातीतून टोक्सो आणि जंत दोन्ही सरळ पोटात जातात.

खुरपणीला जाणाऱ्या, सातव्या आठव्या महिन्यापर्यंत शेतात राबणाऱ्या बायकांना हातमोजे घाला सांगणं सोपं आहे, मिळणं अवघड, हे मला कळतं. पण निदान भाकरी सोडायच्या आधी साबणानं हात, नखांच्या आतपर्यंत, एवढं तरी बांधावर होऊ शकतं. एक साबणाची वडी आणि कळशीभर पाणी. इमारतीसमोर पडलेल्या वाळूच्या ढिगावर मांजरं हमखास घाण करतात, तिथं खेळून आलेल्या मोठ्या मुलाचे हातपण आल्या आल्या धुवायचे.

शेळ्यामेंढ्या असतील तर अजून एक. टोक्सोमुळं शेळ्यामेंढ्यांचेही गर्भ पडतात, आणि त्या वेळची वार, पाणी, रक्त यात जंतू असू शकतात. घरातल्या गरोदर बाईनं शेळीचं वेत करायला बसू नये, आणि शेळीचं दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

मटण बंद करायचं का?

अजिबात नाही. आपलं मटण कुकरला शिट्ट्या देऊन, नाहीतर तासभर रटरटवून शिजतं, तांबडा रस्सा असो की सुकं, त्यात टोक्सो टिकत नाही. मांसाच्या आतपर्यंत ७० अंशांच्या वर उष्णता पोचली की गाठोडी मरतात. पॅरिसमधे १९६० च्या दशकात टीबीच्या मुलांना ताकदीसाठी कच्चट मांस द्यायचे, तिथं डेमों नावाच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलं तर वर्षाला १० टक्के मुलांना टोक्सो व्हायचा तो असं मांस वाढवल्यावर ५० टक्क्यांवर गेला, आणि जेमतेम भाजलेल्या मेंढीच्या चॉप दिल्यावर १०० टक्क्यांवर.

आपल्याकडं धोका शिजवायच्या आधीच्या वेळात आहे. खिम्याचा मसाला कच्चाच बोटावर घेऊन मीठ बघणं बंद. आणि विळी! ज्या विळीवर मटणाचे तुकडे केले तीच नुसत्या पाण्यानं विसळून त्यावर कांदा-काकडी चिरली की शिजवण्याचा सगळा उपयोग गेला. विळी, पाट, सुरी साबणानं घासायची मगच कोशिंबीर. बाहेर खाताना कबाब आतून गुलाबी असेल तर परत पाठवा. आणि आपल्या ज्या मुली युरोप-अमेरिकेत आहेत त्यांनी मीडियम रेअर स्टेक आणि न शिजवता वाळवलेलं हॅम या काळात सोडाच.

आधी दोनदा गर्भपात झाला, ते टोक्सोमुळंच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईचा चेहरा मला विसरता येत नाही, कारण तिला काहीतरी कारण हवं असतं. पण विचार करा, टोक्सो बाळापर्यंत जातो तो पहिल्या इन्फेक्शनच्या वेळी. एकदा वॉचमन बसल्यावर पुढच्या खेपेला तो परत तेच करत नाही. त्यामुळं पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपाताचं कारण टोक्सो नसतो. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं तर अशा बायकांमधे टॉर्च टेस्ट करणं सोडून द्या असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी आपल्याकडं त्या टेस्टवर दोन-तीन हजार रुपये जातात, आयजीजी पॉझिटिव्ह निघतं, त्यावर औषधं चालू होतात, आणि थायरॉईड, शुगर, गर्भाशयाचा आकार, रक्ताच्या गुठळ्यांचा आजार, दोघांची गुणसूत्रं ही शोधायची कारणं मागं पडतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्यात त्या बाईचं वर्ष जातं.

मग टेस्ट कुणी करायची?

फ्रान्समधे १९७८ पासून गरोदर बायकांची टोक्सो तपासणी सक्तीची आहे, ज्यांना अँटीबॉडी नाहीत त्यांचं रक्त दर महिन्याला तपासतात. तिकडं कच्चट मांस खायची सवय मोठी, १९६० च्या दशकात ८० टक्क्यांहून जास्त गरोदर बायकांना टोक्सो होऊन गेलेला असायचा. आपलं चित्र वेगळं आहे. २०१४ मधे प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या पाहणीत मूल होण्याच्या वयातल्या २२.४ टक्के बायकांत आयजीजी सापडलं, दक्षिणेत ३७.३ टक्के आणि पश्चिम भारतात सगळ्यात कमी, ८.८ टक्के. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक जणींकडं वॉचमन नाहीये, पण आजूबाजूला टोक्सोचा वावरही कमी आहे. अशा ठिकाणी सगळ्यांची सरसकट टेस्ट केली की खऱ्या पेशंटपेक्षा खोटे पॉझिटिव्हच जास्त हाती लागतात.

करायची ती कारण असेल तर. गरोदरपणात ताप येऊन मानेत गाठी आल्या, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत पाणी किंवा ठिपके दिसले, प्रतिकारशक्ती कमी आहे, तर नक्की. आणि मनाच्या समाधानासाठी करायचीच असेल तर दिवस जायच्या आधी करा, तेव्हाचा रिपोर्ट पुढं तुलनेला फार उपयोगी पडतो.

आणि खरंच नवीन इन्फेक्शन निघालं तर?

तरी उपाय आहेत, आणि वेळ आहे. सुरुवातीच्या महिन्यांत स्पायरामायसिन देतात, हे औषध वारेत साठतं आणि पलीकडं जाणं रोखायचा प्रयत्न करतं. अठरा आठवड्यांनंतर बाळाभोवतीचं थोडं पाणी सुईनं काढून त्यात टोक्सो आहे का ते पीसीआरनं, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टनं, बघतात. असेल तर पायरीमेथामाइन आणि सल्फाडायझिन ही दोन औषधं, सोबत फोलिनिक अ‍ॅसिड, कारण पायरीमेथामाइन शरीरातल्या फोलिक अ‍ॅसिडच्या आड येतं. पहिल्या तीन महिन्यांत ते टाळतात. यातलं काहीही मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून मेडिकलमधून आणायचं नाही. आणि नुसत्या एका आयजीएमवर गर्भ पाडायचा निर्णय तर कधीच नाही, आधी अ‍ॅव्हिडिटी, परत टेस्ट, पाण्याची तपासणी, बारकाईची सोनोग्राफी, मग डॉक्टरांशी बसून बोलणं.

बाळ झाल्यावर त्याचं रक्त तपासतात. आईचं आयजीजी वारेतून बाळात उतरलेलं असतं, त्यामुळं नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणून बाळाला टोक्सो आहे असं होत नाही, आईकडून आलेलं हळूहळू कमी होऊन वर्षभरात जातं. लागण झालेल्या बाळाला साधारण वर्षभर औषध चालतं. अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही. आणि बाळ वरून कितीही गुटगुटीत दिसलं तरी डोळ्यात थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्यायचा, जन्मल्यावर एकदा आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा परत परत, शाळेत जायला लागल्यावरसुद्धा, कारण एका डोळ्यानं कमी दिसतंय हे लहान मूल स्वतःहून सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं.